यानातली खुर्ची

वरूडच्या बाजारात जीन रॉडनबेरी हे नाव घेतले तर कुणी ओळखणार नाही. पण १९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' पाहिलेल्यांना टोकदार कानांचा स्पॉक नक्की आठवेल. ही मालिका रॉडनबेरी यांची.

१९ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यात त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. पुढे लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात नोकरी, आणि नोकरीत राहूनच लेखन. बाप्टिस्ट घरात वाढलेल्या या माणसाने तरुणपणीच धर्माचा नाद सोडला आणि माणूस व विज्ञान यांवर विश्वास ठेवला.

८ सप्टेंबर १९६६ला मालिका सुरू झाली. काळ्यांना समान हक्क देणारा १९६४चा कायदा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. दूरचित्रवाणीवर काळी बाई दिसली तर बहुधा मोलकरीणच असे. रॉडनबेरींनी निशेल निकोल्स यांना यानाच्या सुकाणूकक्षात अधिकारी म्हणून बसवले. शेजारी जपानी वंशाचा सुलू, पुढे शीतयुद्धाच्या ऐन भरात रशियन चेकॉव्ह. बसण्याच्या जागेवरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजातून आलेल्या आपल्याला त्या खुर्चीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या वर्षानंतर निकोल्स मालिका सोडायला निघाल्या. त्यांना थांबवले ते खुद्द मार्टिन ल्युथर किंग यांनी!

१९६९च्या एका भागात दोन शत्रू येतात. दोघांचे अंग अर्धे काळे, अर्धे पांढरे. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. एवढ्या फरकावरून त्यांचा अख्खा ग्रह मरून पडला, तरी त्यांचे वैर संपत नाही. पोटजातीचा माज मिरवणाऱ्यांना हा भाग सक्तीने दाखवावा.

रॉडनबेरींना देव्हाऱ्यात बसवू नये. पहिल्या चाचणी भागात यानावर दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी स्त्री होती. वाहिनीने तो भाग नाकारला आणि नव्या भागात ती उरली नाही. कप्तान गोराच राहिला. स्त्रियांना आखूड झगे आणि उहुराला मोजकेच संवाद. लेखणीतली समता निर्मितीत किती पाझरली, हा प्रश्न त्यांनाही विचारायलाच हवा.

७९ भागांनंतर, १९६९मध्ये वाहिनीने मालिका गुंडाळली. पुनःप्रसारणाने मात्र ती जगभर गेली. १९७०च्या दशकात नासाने स्त्रिया आणि अल्पसंख्याक उमेदवार मिळवण्याची मोहीम निकोल्स यांच्याकडे सोपवली.

२४ ऑक्टोबर १९९१ला रॉडनबेरी वारले. वर्ष पुरे व्हायच्या आत, सप्टेंबर १९९२मध्ये, मे जेमिसन ही अंतराळात जाणारी पहिली काळी स्त्री ठरली. लहानपणी तिने पडद्यावर उहुराला पाहिले होते.