दौलताबादचे दोन बहर

इब्न बतूता हे नाव बहुतेकांना शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असते. महंमद बिन तुघलकाच्या दरबारात राहून गेलेला मोरोक्कोचा प्रवासी, एवढीच त्याची ओळख. मराठवाड्याने मात्र त्याची आणखी एक आठवण ठेवायला हवी. दौलताबादला द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. नोंद अगदी छोटी आहे, पण आजच्या द्राक्ष बागायतदाराचे सगळे वेळापत्रक ज्या कारणाने ठरते, ते कारण तिच्यामागे आहे.

इब्न बतूताचा जन्म २४ फेब्रुवारी १३०४ रोजी टँजिअर शहरात झाला. घराणे काझींचे, शिक्षण धर्मशास्त्र आणि कायद्याचे. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो एकटाच हजला निघाला. प्रवासाच्या सुरुवातीलाच, आजच्या अल्जेरियातल्या बिजाया गावी त्याला तापाने गाठले. तिथे थांबून बरे होण्याचा सल्ला त्याने ऐकला नाही. पुढे अशक्तपणामुळे खोगिरावरून खाली पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला बांधून घेतले आणि तसाच पुढे गेला. नंतरच्या तीस वर्षांत वाळवंट, बर्फ, दमट किनारे आणि जंगले हे सारे त्याच्या शरीराने सोसले. आपल्याकडे ज्याला हवापाणी मानवणे किंवा न मानवणे म्हणतात, त्याचा अनुभव फार थोड्या माणसांनी त्याच्याइतका घेतला असेल.

इजिप्त, अरबस्तान, इराण, पूर्व आफ्रिका, तुर्कस्तान असे फिरत सप्टेंबर १३३३ मध्ये तो सिंधू नदीपाशी पोहोचला. दिल्लीत तुघलकाने त्याला काझी नेमले. तिथे त्याने इथल्या फळांची नोंद केली. आंबा, फणस, जांभूळ यांचे त्याला अप्रूप वाटले. द्राक्षे मात्र या देशात दुर्मीळ आहेत, मोजक्याच ठिकाणी मिळतात, असे त्याने लिहिले. अंजिराची आठवण आली की तो वाळवलेला मोह खाई. किनवट-माहूरच्या डोंगरात आणि हिमायतनगरच्या परिसरात मोहाचे झाड कोणाला दाखवावे लागत नाही. पण भूमध्य समुद्राकाठी अंजीर आणि द्राक्षे खात वाढलेल्या या माणसाला मोह हा अंजिराचा बदली वाटला.

१३४२ मध्ये तुघलकाने त्याला आपला वकील म्हणून चीनला पाठवले. धार, उज्जैन करत तो दौलताबादला आला. इथे त्याला पुन्हा द्राक्षे भेटली, आणि तीही वर्षातून दोनदा येणारी. त्याच्या गावी तर वेल वर्षाकाठी एकदाच फळते. मग इथे वेगळे काय होते?

उत्तर थंडीत आहे. द्राक्षवेल मुळात थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. फ्रान्स किंवा मोरोक्कोत हिवाळा आला की तिची पाने गळतात आणि ती झोपी जाते. वसंतात डोळे फुटतात, उन्हाळ्यात घड भरतात आणि शरद ऋतूत एकच पीक निघते. दख्खनच्या पठारावर तेवढी थंडी पडत नाही, म्हणून वेलीला झोप लागत नाही. ती फुटत राहते आणि जमेल तेव्हा फळते. इब्न बतूताने पाहिलेले दोन बहर ही या जागत्या वेलीची खूण होती.

यातला एक बहर मात्र पावसाळ्यात सापडतो. त्याचे मणी आंबट राहतात, तडकतात, कुजतात. पानांवर डावणीची बुरशी चढते. म्हणून महाराष्ट्रातला बागायतदार आज वेल दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्याच्या उन्हात काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या घडाची बीजे धरतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ते डोळे फुटतात आणि साडेतीन-चार महिन्यांनी, कोरड्या हवेत, फळ हाती येते. वेलीला निसर्ग देत नाही ती विश्रांती कात्री देते.

चवही हवाच ठरवते. ऊन तापले की मण्यात साखर वाढते आणि आंबटपणा घटतो. रात्री गार असल्या तर आंबटपणा काही प्रमाणात टिकतो. साखर जास्त असेल तर वाइनमध्ये अल्कोहोल जास्त. आंबटपणा कमी असेल तर ती सपक लागते आणि लवकर बिघडते. नाशिक आणि दौलताबाद ही दोन्ही ठिकाणे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे दिवस उन्हाचे आणि रात्री गार असतात. फ्रान्सच्या बोर्दो भागात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तर नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये होते. जात एकच लावली तरी दोन्हीकडच्या वाइनचा स्वभाव वेगळा राहतो, तो यामुळे.

तिसरा भाग मातीचा. दख्खनची माती काळ्या बेसॉल्ट खडकापासून झाली. डोंगरपायथ्याला ती मुरमाड असते, पाणी धरून ठेवत नाही आणि मुळांना हवा मिळते. सखल भागात हीच माती खोल, चिकण आणि काळी होते. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. अशा जमिनीत पाणी साचले की द्राक्षाची मुळे गुदमरतात. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या हिमायतनगरकडे अशी काळी जमीन आहे आणि पाऊसही दौलताबादपेक्षा जास्त. कापसाला ती मानवते, द्राक्षाला सहज मानवत नाही. खारट पाणी आणि कोरडवाहू जमीन सोसावी म्हणून महाराष्ट्रात आज डॉगरिज नावाच्या रानटी वेलीच्या खुंटावर द्राक्षाचे कलम करतात. फळ एका वेलीचे, मुळे दुसरीची, अशी ती तडजोड आहे.

दौलताबादहून इब्न बतूता नंदुरबारला गेला. तिथले मराठे कारागिरीत कुशल आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, ते भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात आणि जेवणाआधी अंघोळ करतात, असे त्याने टिपले. खंबायतहून तो समुद्रमार्गे कालिकतला पोहोचला. तिथे वादळात जहाजे गेली, नजराणा बुडाला आणि वकिलातही संपली.

पुढे मदुराईत साथीने माणसे दोन-तीन दिवसांत दगावत होती. इब्न बतूतालाही ताप चढला आणि आता आपण वाचत नाही असे त्याला वाटले. त्याने रतलभर, म्हणजे सुमारे अर्धा किलो, चिंच पाण्यात कालवून प्यायली. तीन दिवस जुलाब झाले आणि तो उठून बसला. चिंचेनेच ताप गेला, असे मात्र म्हणता येत नाही. अनेक ताप आपोआपही उतरतात. तापात जुलाब झाले तर शरीरातले पाणी घटते, म्हणून आज असा उपाय कोणी करू नये. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासावे. चिंचेची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा असतो आणि द्राक्षातले मुख्य आम्लही तेच. फळांमध्ये हे आम्ल इतक्या प्रमाणात क्वचित सापडते.

१३४८ मध्ये परतीच्या वाटेवर तो दमास्कसला पोहोचला तेव्हा प्लेगने शहर ओस पडत होते. सर्व धर्मांचे लोक एकत्र प्रार्थनेला बाहेर पडल्याचे त्याने पाहिले. दुसऱ्या वर्षी मोरोक्कोत शिरताना, आई त्याच प्लेगमध्ये गेल्याचे त्याला कळले. जग पाहून आलेला मुलगा तिच्या कबरीपाशी पोहोचला. नंतरच्या माली देशाच्या प्रवासात कच्चे राहिलेले कंद खाऊन त्याचा काफिला आजारी पडला. सोबतचा एक जण दगावला. त्याने उलटीचे औषध घेतले, तरी दोन महिने तो अंथरुणाला खिळला.

१३५४ मध्ये प्रवास संपला. मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेने त्याने आठवणी सांगितल्या, इब्न जुझय्य या लेखनिकाने त्या लिहून घेतल्या आणि १३५५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. बहुतेक सारे स्मरणावर सांगितलेले असल्याने त्यात तारखांचे घोळ आहेत आणि काही भागांबद्दल अभ्यासकांना शंका आहे. दौलताबादच्या द्राक्षांची नोंद मात्र वनस्पतिशास्त्राच्या कसोटीला उतरते. उरलेले आयुष्य त्याने काझी म्हणून काढले आणि १३६८ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला.

धर्माने मद्य वर्ज्य असलेल्या या माणसाने दौलताबादचे द्राक्ष फळ म्हणूनच नोंदवले. आज त्याच पठारावरच्या वाइनचे कौतुक होते. तिची चव कोणत्याही मातीतून आलेली असली तरी आतले अल्कोहोल तेच असते. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. हृदयासाठी म्हणून वाइन सुरू करण्यात अर्थ नाही. द्राक्षे मात्र खावीत: वाहत्या पाण्यात नीट धुऊन, आणि मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून, मोजकी. फेब्रुवारीत बाजारात आलेला घड हाती घेताना एवढे आठवावे, की तो झोप न लागलेल्या वेलीचा आहे आणि अवेळी पावसाचा एक फटका त्याला पुरतो.