शिशाच्या नाण्यावरील गलबत : पैठणचा राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी

पैठण म्हटलें कीं नाथांचा वाडा आठवतो, नाहीं तर पैठणीचा जरीकांठ. समुद्र मात्र कोणासच आठवत नाहीं, आणि त्यांत नवल तें काय? कल्याणचें जुनें बंदर तेथून सरळ रेषेंत मोजलें तरी दोनशे किलोमीटरांहून दूर, आणि मध्यें सह्याद्रि आडवा उभा. तथापि याच नगरींत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत, असा एक राजा राज्य करीत होता कीं ज्याच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचें गलबत उमटविलेलें आहे. सातवाहन कुळांतील वासिष्ठीपुत्र पुळुमावी तो हाच होय. गोदावरीकांठच्या राजास गलबताची आठवण कां व्हावी, हें त्याच्या चरित्रावरून उमगतें.

त्याचा पिता गौतमीपुत्र सातकर्णी हा मोठा योद्धा. पश्चिमेकडील क्षत्रप नहपान यानें नाशिक, कार्ले इत्यादि प्रांत बळकाविले होते. ते गौतमीपुत्रानें परत जिंकून घेतले. नाशिकजवळ जोगलटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा मारलेला होता. शत्रूचें राज्य गेलें हें बाजारांतल्या माणसासही कळावें, याची ही नामी युक्ति! पुढें पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं त्याची आजी गौतमी बलश्री हिनें नाशिकचें लेणें क्रमांक ३ भिक्षुसंघास दान दिलें व तेथें एक मोठा लेख कोरविला. त्यांत वर्ष नातवाचें, परंतु स्तुति बहुतेक सारी मुलाची. त्याच्या घोड्यांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें, असें ती माता अभिमानानें सांगते. एवढ्या बापाच्या मागून गादीवर बसणें ही कांहीं सोपी गोष्ट नव्हे.

घोड्यांनीं समुद्र गांठणें निराळें आणि बंदर हातीं ठेवणें निराळें. पहिल्या शतकांत ईजिप्तकडील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली आहे. तींत पैठण हें भडोचेच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असून तेथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून भडोचेस येत, असें म्हटलें आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे हल्लींचें तेर. तेथून कापड येई. आतां हा माल भडोचेसच कां जावा? कल्याणचें बंदर तर घाट उतरल्यावर लगेच लागत होतें. याचें उत्तर तोच व्यापारी देतो. कल्याण पूर्वीं खुलें बंदर होतें. नंतर त्याच्यावर अटकाव बसला, आणि एखादें ग्रीक जहाज चुकून तेथें आलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचेस नेलें जाई. भडोच क्षत्रपांच्या ताब्यांत. अर्थात् पैठणच्या मण्यांवर आणि तेरच्या कापडावर जकात कोणाच्या पेटींत पडत असेल, हें निराळें सांगावयास नको. शत्रूनें पैठणवर एकही बाण न सोडतां, केवळ पहाऱ्याच्या जहाजांनीं, राजधानीचा घास तोडला होता.

पुळुमावीच्या हातीं आलें तें हें असलें राज्य. अलेक्झांड्रियाचा भूगोलवेत्ता टॉलेमी यानें पैठण ही त्याची राजधानी म्हणून नोंदली आहे, आणि उज्जयिनीस चष्टन क्षत्रपाचें नांव दिलें आहे. चष्टनाचा नातू रुद्रदामा यानें दक्षिणापथाच्या सातकर्णीचा दोनदां पराभव केला, पण जवळचा आप्त म्हणून त्यास समूळ उखडलें नाहीं, असें जुनागडचा सुमारें १५० सालचा लेख सांगतो. कान्हेरीच्या एका लेखांतील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही क्षत्रपकन्याच होती. त्या सातकर्णीस कित्येक विद्वान् पुळुमावीचा भाऊ समजतात. तलवारीनें जें साधलें नाहीं तें सोयरिकीनें काय तें थोडेंबहुत सांवरलें.

पश्चिमेस अशी ओढाताण चालली असतां या राजाची सत्ता पूर्वेकडे पसरली. कृष्णेच्या तीरीं अमरावतीच्या स्तूपावर त्याचें नांव कोरलेलें आहे. गलबताचीं नाणीं सांपडतात तींही चोलमंडलाच्या किनाऱ्यावर, पैठणास नव्हे. नाणें शिशाचें, एका बाजूस डोलकाठ्या व गलबत, दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचें उज्जयिनी-चिन्ह. चांदीचीं नाणीं त्यानें वेगळीं पाडलीं, त्यांवर त्याचा स्वतःचा मुखवटा आहे. मला हा भेद लक्षांत घेण्याजोगा वाटतो. चांदीवर राजानें आपला चेहरा ठेविला. पण किनाऱ्यावरचे कोळी, हमाल व वाणी ज्या हलक्या नाण्यानें मीठ घेत, त्याच्यावर गलबत.

ज्या विद्यार्थ्यांस या गलबताचा माग काढण्याची हौस असेल त्यांनीं सुटींत पैठणहून जुन्या गाडीवाटेच्या दिशेनें पश्चिमेस निघावें. जुन्नर गांठून नाणेघाटांत उतरावें. तेथें सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशीं दगडी रांजण आहे, त्यांत जकात टाकीत अशी लोकांची समजूत. तेथून खालीं कल्याण. वाट वांकडी करून नाशिकास आजीबाईंचें लेणें व कार्ल्यास चैत्य पाहावा. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांचीं नांवें आहेत, आणि पुळुमावीच्या राज्याच्या ७ व्या व २४ व्या वर्षांचे लेखही तेथेंच आहेत. चोविसाव्या वर्षींही घाटमाथा त्याच्याकडेच होता, हें त्यावरून दिसतें.

त्याच्या पश्चात् यज्ञश्री सातकर्णी हा त्याच कुळांतील राजा झाला. त्यानेंही नाण्यावर गलबत ठेविलें, आणि डोलकाठ्या दोनच.