लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि पार्ट्स लिस्टचं गणित

कॅड शिकताना आपण सॉफ्टवेअरची बटणं पाठ करतो. पण ते ड्रॉइंग कारखान्यात गेल्यावर काय होतं? त्यासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आयुष्य बघा.

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की काही रंग त्यांना वेगळे ओळखूच येत नाहीत. मग ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले (तिथे रंग लागतोच कशाला!) आणि व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. पुढे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. भावासोबत सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

लोखंडानं जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडलजवळचं माळरान दिलं. निवडुंग आणि सापांचं ते रान साफ करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. नांगराच्या जोडीला उसाचा चरक आला, शेंगा फोडायचं यंत्र आलं.

खरी गंमत इथे आहे. एका छपराखाली अनेक यंत्रं बनू लागली की प्रत्येक ड्रॉइंगची पार्ट्स लिस्ट वेगळी, पण बोल्ट विकत घ्यायचे ते एकदम. अकोला-अमरावतीच्या एमआयडीसीत शेती अवजारं बनवणाऱ्या वर्कशॉपलाही हेच करावं लागतं.

समजा, ऑर्डर आहे २० पेरणी यंत्रं आणि १० डवऱ्यांची. पेरणी यंत्राला ९ फण, प्रत्येक फणाला २ बोल्ट, म्हणजे एका यंत्राला १८ आणि २० यंत्रांना ३६०. डवऱ्याला ८ बोल्ट, म्हणजे १० डवऱ्यांना ८०. एकूण ४४०. आता फणाच्या ड्रॉइंगवर नुसतं २ लिहिलेलं असतं. तेच धरून २० नं गुणलं तर ४० येतात, आणि एकूण १२०. मृगाचा पाऊस पडलाय, शेतकरी दारात उभा आहे आणि तुमच्याकडे ३२० बोल्ट कमी!

सॉलिडवर्क्स किंवा इन्व्हेंटरमध्ये उपाय सोपा आहे. एक नवी वरची असेंब्ली करा, त्यात दोन्ही यंत्रं आणा आणि यादीचा प्रकार 'पार्ट्स ओन्ली' ठेवा. सब-असेंब्लीचा गुणाकार सॉफ्टवेअर करतं. नगांची संख्या मोठी असेल तर प्रत्येक यंत्राची अशी यादी एक्सेलमध्ये घ्या, तिथे नगानं गुणा आणि मग बेरीज करा.

बेरीज मात्र पार्ट नंबरवरच करा, नावावर नको. एका ड्रॉइंगवर 'एम १२ बोल्ट' आणि दुसऱ्यावर '१२ एमएम बोल्ट' लिहिलं असेल, तर एकाच वस्तूच्या दोन ओळी पडतात. उलट ४० आणि ५० मिमी लांबीच्या बोल्टना एकच नंबर दिला, तर ते एका ओळीत जातात आणि चूक थेट फिटिंगच्या वेळी कळते. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण तोवर माल आलेला असतो.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. तोवर कॅड आलंच नव्हतं. कारखान्यांत ही सगळी बेरीज कागदावर, हातानंच व्हायची.