आंबा लावणारे युसुके हागिहारा

आज आम्ही जपानचे थोर खगोलशास्त्रज्ञ युसुके हागिहारा यांची ओळख करून देत आहोत. त्यांचा जन्म १८९७ साली ओसाका येथे झाला. ताऱ्याच्या प्रखर उजेडाने भोवतालच्या वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. अशा वायूचे गणित त्यांनी मांडले.

१९४५ साली टोकियो वेधशाळेची मिताका येथील मुख्य इमारत जळाली. पुढच्याच वर्षी हागिहारा तिचे संचालक झाले. युद्धाने देश खंगला होता, तरी मोठ्या दुर्बिणीचा ध्यास त्यांनी सोडला नाही. १८८ सेंटिमीटरची ती दुर्बीण १९६० साली ओकायामात उभी राहिली. पण ते १९५७ सालीच निवृत्त झाले होते. १९७९ साली ते वारले.

१९९९ साली हवाई बेटावर जपानची ८.२ मीटरची सुबारू दुर्बीण सुरू झाली. तिच्या साहाय्याने सापडलेले ८३ अतिदूरचे क्वेसार २०१९ साली जाहीर झाले. त्यांचा उजेड सुमारे १३०० कोटी वर्षे चालून आला आहे. वाटेतल्या हायड्रोजनने त्या उजेडावर खुणा ठेवल्या. विश्वाच्या बालपणी हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन केव्हा सुटले, हे त्या खुणांवरून समजते.

आंबा एकाने लावला, फळे नातवंडांनी चाखली. आपल्या मुलांना आम्ही हेच सांगू.