जिच्याजवळ स्वतःचं छप्पर नव्हतं, तिनेच केडगावला हजारोंना आसरा दिला

पुणे-दौंड रेल्वेमार्गावरून रोज जा-ये करणाऱ्यांना केडगाव स्टेशन नवीन नाही. इथे उतरून आपापल्या कामाला लागणाऱ्या कित्येकांना हेही माहीत असतं की जवळच 'मुक्ती मिशन' आहे आणि ते पंडिता रमाबाईंनी सुरू केलं. बहुतेकांची माहिती मात्र इथेच थांबते. शाळेच्या पुस्तकात एक धडा, एक फोटो, पांढरी साडी, बस्स. ही संस्था कुठल्या घाईत उभी राहिली आणि त्या घाईमागे बाईंचं स्वतःचं काय काय जळलेलं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. ५ एप्रिलला त्यांची पुण्यतिथी असते. त्या निमित्ताने ही गोष्ट.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे म्हणजे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी बोल लावले, तेव्हा हा गृहस्थ गाव सोडून रानात आश्रम करून राहिला. तिथे विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, सगळ्यांना जेवण आणि झोपायला जागा. खर्च अर्थातच शास्त्रीबुवांच्या पदरचा. होतं नव्हतं ते संपलं, कर्ज झालं आणि रमा अगदी तान्ही असताना हे कुटुंब घराबाहेर पडलं ते कायमचंच. आईबाप, मोठी बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि रमा. आज या तीर्थाला, उद्या त्या तीर्थाला. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक देतील त्या शिध्यावर दिवस काढायचे. आईने चालता चालता रमाला हजारो श्लोक पाठ करून घेतले. पाठांतर झालं, पण कायमचं घर असं या मुलीला कधी मिळालंच नाही.

मग दुष्काळ आला. १८७४ ते ७७ ची ती दक्षिणेतली वर्षं. शिधा देणारेच उपाशी, तर पुराणिकाला कोण देणार? भांडी विकली, कपडे विकले. मजुरी करायची तर शास्त्र्यांच्या पोरांना कुठलंच हातकाम शिकवलेलं नव्हतं, आणि भीक मागायला लाज आडवी यायची. तिरुपतीजवळच्या रानात या पाच माणसांनी अकरा दिवस पाणी आणि झाडपाल्यावर काढले. म्हातारे वडील जलसमाधी घ्यायला निघाले होते, तेव्हा श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला की मी पडेल ते काम करीन. पण उशीर झाला होता. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, पुढे बहीण. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि भाऊ एवढेच उरले.

हे दोघं चालत चालत पार पंजाब, काश्मीरपर्यंत गेले. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नाही, आत घेणारं कोणी नाही. तेव्हा या भावंडांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. रमाबाईंनी पुढे हे स्वतः लिहून ठेवलंय. मला विचाराल तर केडगावची खरी सुरुवात त्या वाळूत आहे, नंतरच्या कुठल्याही सभेत किंवा परिषदेत नाही.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. पुढचा भाग बराचसा परिचयाचा आहे, म्हणून भराभर सांगतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी जातीबाहेरच्या बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली, १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर पोर. पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या, तिथे पुस्तक लिहून, व्याख्यानं देऊन पैसा जमवला. बोस्टनला त्यांच्या नावाने मंडळ निघालं आणि त्याने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, १८९० मध्ये ते पुण्यात आलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून पुण्यात गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी पाठीशी असलेली माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे थांबून सरकारी मदतीची पद्धत समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मागच्या दुष्काळात लाखो माणसं मेल्यावर इंग्रज सरकारने १८८० च्या सुमारास दुष्काळाचे नियम बांधले. धडधाकट माणसाने सरकारी कामावर जायचं, म्हणजे खडी फोडायची, रस्ता करायचा, तळं खणायचं आणि कामाच्या मापाने मजुरी घ्यायची. ज्यांच्याने काम होत नाही त्यांना गावात फुकट मदत. आणि गाव सोडून रस्त्यावर भटकणारे, कोणाचेच नसलेले, त्यांना गोळा करून गरीबखान्यात ठेवायचं. इंग्रजीत त्याला पुअर हाऊस म्हणत. कागदावर सगळ्यांची सोय होती. मदतीचा हिशेब धान्यात आणि पैशात होता. रात्री एकटी बाई, पोरकी मुलगी कुठे आणि कोणाच्या भरवशावर झोपणार, हे त्या हिशेबात जवळपास नव्हतंच. (आजही रेशन कार्ड काढायला गेलं की आधी पत्ता विचारतात. ज्याला पत्ताच नाही त्याने काय सांगायचं, हा प्रश्न काही जुना झालेला नाही.)

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ भडकला. रमाबाईंच्या हातात तेव्हा पैसा नव्हता आणि शारदा सदन सांभाळतानाच नाकी नऊ आले होते. पण वाचलेल्या बातम्या त्यांना बसू देईनात. १८९७ च्या सुरुवातीला त्या स्वतः निघाल्या आणि त्या भागातले गरीबखाने बघत फिरल्या. पहिलाच गरीबखाना बघितला तर ते घर नव्हतंच, गावाबाहेरची एक झाडी होती. झाडांखाली चिंध्या गुंडाळून, राखेत, मातीत माणसं पडलेली. थंडीचे दिवस. त्याहून वाईट त्यांना दिसलं ते मुलींचं. सांभाळायला ठेवलेली माणसंच तरुण बायकांकडे वाईट नजरेने बघत होती आणि मुली फूस लावून नेणारे बायका-पुरुष आसपास घिरट्या घालत होते. एक वेळच्या अन्नासाठी मुलीला काय द्यावं लागतं, हे रमाबाईंनी स्पष्ट लिहिलं. त्या काळच्या बाईने असं उघड लिहिणं साधी गोष्ट नव्हती, बरं का.

सरकारला पत्र लिहून त्या परत येऊ शकल्या असत्या. त्यांनी मुलींना आगगाडीत बसवलं आणि पुण्याला आणलं. एका फेरीत नाही, पुन्हा पुन्हा माणसं पाठवून. बालविधवा, आईबाप मेलेल्या पोरी, नवऱ्याने वाटेत टाकलेल्या. पहिल्या दुष्काळात सुमारे ३०० जणी झाल्या.

आणि नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात घरं तपासली जात होती, माणसं उचलून छावणीत नेली जात होती. सदनात आणखी माणसं ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. म्हणजे बघा, सरकारच्या गरीबखान्यातून काढलेल्या मुली, आणि त्यांना शहरात ठेवायला सरकारचीच बंदी! प्लेगच्या दवाखान्यात बायका सुरक्षित नाहीत, अशी तक्रारही रमाबाईंनी याच सुमारास वर्तमानपत्रात छापून आणली. सरकारने ती साफ नाकारली.

मग केडगाव. पुण्यापासून रेल्वेने ५५ किलोमीटरच्या आसपास. तिथे त्यांनी आधीच सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबणार, तेव्हा फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा तो बेत. राहायला इमारती नव्हत्या. पण स्टेशन जवळ होतं आणि जमीन स्वतःची होती, तिथून कोणी उठवणार नव्हतं. तंबू ठोकले, तात्पुरती छपरं उभारली आणि मुलींना तिथे हलवलं. आजच्या भाषेत तातडीचा निवारा.

हा निवारा चालवणं म्हणजे काय होतं, याचा नुसता अंदाज करा. आलेल्या मुली हाडाच्या सापळ्यासारख्या. कित्येकींच्या अंगावर फोड, डोळे आलेले, पोटं बिघडलेली. उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवण दिलं तर तेच जिवावर बेततं, त्यामुळे बेताबेताने खायला घालायचं. काहीजणी इतक्या खंगलेल्या होत्या की इथे येऊनही वाचल्या नाहीत. ज्या सावरल्या त्यातल्या बऱ्याचजणींना साधी शिस्त म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. उपासमारीने अन्न लपवायची, हिसकावायची सवय लागलेली. आधीच्या विद्यार्थिनींनी एकेकीने या मुलींचे गट सांभाळले. विहिरी खणल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये पक्क्या इमारतीचा पाया घातला आणि नाव दिलं मुक्ती.

१९०० च्या दुष्काळाने गुजरात आणि राजपुताना धुऊन काढला. गुजरातेत अजून त्याला छप्पनियो म्हणतात. पुन्हा माणसं गेली, पुन्हा गाड्या भरून मुली आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांचा गाव त्या काळी आपल्या तालुक्यात किती होते, हा विचार करून बघावा. आता फक्त मुली राहिल्या नव्हत्या. लहान मुलगे आले, त्यांच्यासाठी सदानंद सदन. म्हाताऱ्या बायकांसाठी प्रीती सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन, तिथे मनोरमाबाई बोटांनी वाचायची लिपी स्वतः शिकून इतरांना शिकवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, ज्यांना दुसरीकडे कुठेही दार उघडलं नसतं.

एक गोष्ट रमाबाईंनी पक्की ठरवलेली होती: नुसतं छप्पर आणि जेवण देऊन थांबायचं नाही. शेती, गाईम्हशींचा गोठा, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत मुली करत. हातकाम येत नाही म्हणून आपलं घर कसं उपाशी मेलं, हे ज्या बाईने पाहिलं, ती दुसरं काय ठरवणार?

टीकाही सांगितली पाहिजे. शारदा सदन सुरू करताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि दुष्काळात आलेल्या पुष्कळ मुली तिथे ख्रिस्ती झाल्या. ज्याचं पोट दुसऱ्याच्या हातात आहे त्याची निवड किती मोकळी, हा प्रश्न तेव्हाच्या टीकाकारांनी विचारला आणि तो रास्त आहे. अख्खं कुटुंब एकत्र ठेवण्याची सोयही सुरुवातीला नव्हती. मुलगी यायची, मागे कोणी उरलं असेल तर ते मागेच. पण त्या झाडीत पडलेल्या मुलींना न्यायला टीका करणाऱ्यांपैकी फार थोडे गेले, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बोलता आल्या पाहिजेत.

शेवटची बरीच वर्षं रमाबाईंनी केडगाव फारसं सोडलं नाही. ऐकू कमी येत होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करण्याचं काम चाललेलं, छपाई तिथल्याच छापखान्यात. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. ज्या सरकारच्या गरीबखान्यांवर त्यांनी कोरडे ओढले होते, त्याच सरकारने.

आपल्यामागे सगळं मनोरमा बघेल, असं त्यांनी धरलं होतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमाबाईच आधी गेल्या. त्यानंतर नऊ महिनेही झाले नव्हते, ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच रमाबाईंनी डोळे मिटले. संस्था बंद पडली नाही. निराधार बायका आणि मुलं आजही तिथे राहतात.