रूपापलीकडील तेज

देखणा मनुष्य सभेत आला की चार जण सरकून त्याला जागा देतात. सामान्य चेहऱ्याच्या माणसाला मात्र गुण सिद्ध होईपर्यंत दाराशीच उभे राहावे लागते. रूप कोणी कष्टाने मिळविलेले नसते, तरी त्याचा लाभ जन्मभर पदरात पडत राहतो. हा अन्याय मनाला बोचू लागला म्हणजे आम्हांस पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे चरित्र आठवते.

आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील चौंडी गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी १७२५ साली त्यांचा जन्म झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांची सून म्हणून त्या माळव्यात आल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले आणि दौलतीचा कारभार शिकविला. १७६६ साली तेही गेले. पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव निवर्तले. दौलत अनाथ झाली असे समजून राघोबादादा फौजेनिशी चालून आले. परंतु बाईंची लढण्याची सिद्धता पाहून त्यांना माघार घ्यावी लागली. पुढे फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे सोपवून बाईंनी महेश्वराहून १७९५ पर्यंत राज्य चालविले. पडदा न पाळता त्या दरबारात बसत व रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत.

त्या मध्यम उंचीच्या, कृश व सावळ्या होत्या. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या माळव्याच्या वृत्तांतात एक गोष्ट दिली आहे. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई रूपाविषयी प्रसिद्ध होत्या. अहिल्याबाईंची कीर्ती त्यांना सहन होईना. बाई दिसतात कशा, हे पाहण्यासाठी त्यांनी एक दासी पाठविली. दासीने परत येऊन सांगितले, की चेहरा सुंदर नाही, पण त्यावर दैवी तेज आहे. आनंदीबाईंनी त्यातील पहिला भागच ऐकला आणि समाधान मानले!

एवढी मोठी कारभारीण, पण तिलाही आधी रूपाच्या तराजूत घालावे, ही जगाची रीत. सुभेदारांची सून म्हणून बाईंच्या हाती अधिकार आला, हे खरे; तोही जन्मजात गुणांचा नव्हे, दैवाचाच लाभ. म्हणून सामान्य घरच्या, सामान्य चेहऱ्याच्या मुलीची वाट त्यांच्याहून अवघड असते, हे आम्ही विसरता कामा नये. पण मिळालेल्या अधिकाराचे चीज बाईंनी श्रमाने केले. काशीचे विश्वेश्वर मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर व ठिकठिकाणचे घाट आजही त्याची साक्ष देतात.

एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा तो शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकविला, असेही माल्कमने लिहिले आहे. जिला खोट्या स्तुतीचा मोह नव्हता, तिला रूपाच्या उणेपणाची खंत कोठून असणार?

आमच्या घरांत आजही मुलीचा रंग आधी पाहतात, गुण मागाहून. ती दासी मात्र दोन्ही पाहून आली होती. निदान तिच्याइतके तरी डोळे आम्ही उघडे ठेवू या.