नळदुर्गचा कादंबरीकार साहेब

पावसाळा चांगला झाला आणि बोरी नदीला पाणी आले, की नळदुर्गच्या किल्ल्यातले नर आणि मादी हे दोन धबधबे जिवंत होतात. मग सोलापूर आणि धाराशिवकडची कुटुंबेच्या कुटुंबे डबे बांधून पाणीमहाल पाहायला लोटतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेल्या या बंधाऱ्याच्या पोटात उभे राहून पडते पाणी पाहण्याची मजा काही औरच! पण या गर्दीतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते, की एकोणिसाव्या शतकात या नळदुर्गातून जिल्ह्याचा कारभार पाहणारा एक इंग्रज अधिकारी पुढे मोठा कादंबरीकार म्हणून गाजला. आणि त्याच्या एका कादंबरीची नायिका शेजारच्या तुळजापूरची लेक होती.

त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, लिव्हरपूलचा. वडील व्यापारी, पण व्यापारात खोट आली आणि घराची घडी विस्कटली. पोराने लहान वयातच कचेरीत खर्डेघाशी केली. पुढे मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरी आणि कालांतराने भागीदारी मिळेल, या आशेवर घरच्यांनी त्याला जहाजात बसवून दिले. सप्टेंबर १८२४ मध्ये तो मुंबईला उतरला, तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. येऊन पाहतो तो पेढीच डबघाईला आलेली. सुदैवाने मुंबई सरकारात वरच्या हुद्द्यावर असलेले एक नातेवाईक धावून आले आणि त्यांच्या खटपटीने पोराला निजामाच्या फौजेत जागा मिळाली.

इथेच त्याच्या आयुष्याला वळण लागले. निजामाची नोकरी म्हणजे कंपनीची नोकरी नव्हे. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा पगार, त्यांचा मान, त्यांची बढती यांतले फारसे काही टेलरच्या वाट्याला येणार नव्हते. ही सल त्याला जन्मभर राहिली. पण त्याच नोकरीने त्याला असे काही दिले, जे बड्या साहेबांना सहसा लाभले नाही. ते म्हणजे माणसांचा सहवास. तो मराठी, हिंदुस्थानी आणि फारसी शिकला. ऐन विशीच्या आत निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलिसांचा सहायक अधिकारी म्हणून घोड्यावरून गावोगाव हिंडला. तक्रारी, तंटे, दरोडे, जत्रा सारे त्याने दुभाष्याशिवाय ऐकले.

वाटसरूंचे खून करणाऱ्या ठगांचा मागही त्याला त्याच काळात लागत होता. पण मध्येच त्याला पलटणीत परत बोलावले आणि तपासाचे श्रेय पुढे स्लीमनला मिळाले. तपास हातचा गेला, तरी ऐकलेल्या कहाण्या मनात राहिल्या. नंतर हैदराबादेत माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांचे जबाब घेण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यातून १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली आणि विलायतेत तिने खळबळ उडवली. पाठोपाठ १८४० मध्ये ‘टिपू सुलतान’ आली. दरम्यान १८३२ मध्ये त्याने हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या मुलीशी, मेरीशी, लग्न केले होते. मेरीची आजी हिंदुस्थानी बेगम होती. म्हणजे सासरच्या नात्यानेही हा साहेब अर्धा इथलाच झाला. मेरी मात्र १८४४ मध्ये गेली आणि टेलरने पुन्हा लग्न केले नाही.

१८४१ पासून सुमारे बारा वर्षे तो आजच्या कर्नाटकातल्या सुरपूर संस्थानात होता. तिथला राजा वेंकटप्पा नायक अजाण पोर होता. त्याचे शिक्षण, राज्याचा कारभार, तळी, रस्ते यांचा सारा भार टेलरवर होता. तो पोर त्याला अप्पा म्हणे.

१८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, आणि टेलर नळदुर्गला आला. आता तो जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर होता. शेतजमिनींची मोजणी, साऱ्याची आकारणी, रस्ते, रस्त्यांच्या कडेची झाडे अशी कामे त्याने अंगावर घेतली. प्रजा त्याला महादेवबाबा म्हणू लागली. मेडोजचे महादेव व्हायला मराठी जिभेला कितीसा वेळ!

याच मुक्कामात तुळजापूर त्याच्या मनात खोल रुजले असावे. भवानीचे देऊळ, घाटाच्या पायऱ्या, पुजाऱ्यांची घरे, यात्रेची गर्दी आणि या सगळ्यात वावरणाऱ्या बालविधवा त्याने पाहिल्या होत्या. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे तो नळदुर्गला असतानाचाच. कायदा कागदावर झाला, पण घराच्या उंबऱ्यात तो पोचायला किती काळ लागला, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

१८५७ चे वादळ उठले तेव्हा त्याची बदली वऱ्हाडात बुलढाण्याला झाली. हाताशी गोरी फौज नसताना त्याने तो भाग शांत ठेवला. पण खरा घाव पुढेच बसायचा होता. फेब्रुवारी १८५८ मध्ये सुरपूरच्या तरुण राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. बंड मोडले, राजा पकडला गेला, फाशीची शिक्षा झाली. टेलर त्याला कैदेत भेटला. शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. परंतु चेंगलपट्टूच्या वाटेवर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचे पिस्तूल राजाच्या हातात सुटले आणि तो गेला. ज्याला अंगाखांद्यावर वाढवले, तो बंडखोर ठरला. आणि ज्या सरकारने त्याला दोषी ठरवले, त्याच सरकारचा चाकर म्हणून सुरपूरचा कारभार पुन्हा टेलरकडे आला. एका बाजूला मीठ, दुसऱ्या बाजूला माया. या कात्रीतून तो कधी पुरता सुटला असेल, असे वाटत नाही.

प्रकृती ढासळल्यामुळे १८६० मध्ये तो मायदेशी परतला. त्याच वर्षी धाराशिवचा मुलूखही इंग्रजांनी निजामाला परत दिला. विलायतेच्या थंडीत बसून त्याने १८६३ मध्ये ‘तारा’ लिहिली. तारा ही तुळजापूरच्या शास्त्रीबुवांची मुलगी. बालविधवा झालेली, भवानीच्या सेवेत रमलेली. अफझलखानाची स्वारी तुळजापुरावर येते, देऊळ लुटले जाते आणि एका पोरीचे दुःख शिवाजीमहाराजांच्या युद्धकथेत गुंफले जाते. यानंतरची ‘राल्फ डार्नेल’ प्लासीच्या काळावर, तर ‘सीता’ १८५७ वर. १६५७, १७५७, १८५७ अशी शंभर-शंभर वर्षांच्या टप्प्यांची त्याची योजना होती. या हिशेबासाठी इतिहासाला थोडी ओढाताण सोसावी लागली. अफझलखानाचा वध १६५९ चा, हे आपली शाळेतली पोरेही सांगतील. शिवाय ‘तारा’चा शेवट ब्राह्मण विधवेच्या आणि खानाच्या मुलाच्या लग्नात होतो. तो इतिहास नव्हे, परक्या लेखकाची कल्पना आहे.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली १८७१ मध्ये, ‘तारा’नंतर आठ वर्षांनी. ‘उषःकाल’कार हरिभाऊ आपटे तर ‘तारा’ निघाली तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि या हरिभाऊंनी ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेवर पहिले पाऊल टाकले, ते टेलरच्या ‘टिपू सुलतान’च्या आधाराने लिहिलेल्या ‘म्हैसूरचा वाघ’ने. आपला इतिहास कथेतून सांगण्याची उमेद परक्याचे पुस्तक वाचून यावी, यात कमीपणा नाही. हरिभाऊंनी ती उमेद घेतली आणि पुढे आपल्या माणसांच्या नजरेतून मावळे उभे केले.

१८७५ मध्ये सालारजंगाच्या निमंत्रणावरून टेलर पुन्हा एकदा हैदराबादला आला. तोवर दृष्टी जवळजवळ गेलेली होती. परतीच्या वाटेवर १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधल्या मांतों गावी त्याने देह ठेवला. चांदबिबीवरची शेवटची कादंबरी आणि लेकीने संपादिलेले आत्मचरित्र त्याच्या माघारी प्रसिद्ध झाले.

तो राज्यकर्त्यांचा माणूस होता, ही गोष्ट नाकारायची नाही. पण सारा ठरवायला तो शेतात उतरला आणि तक्रार त्याने रयतेच्या भाषेत ऐकली. त्याच्या कादंबऱ्यांतली माणसे म्हणूनच कागदी वाटत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात मुलांना धबधबे दाखवाल, तेव्हा या साहेबाचीही गोष्ट सांगा. आणि परतताना वाट वाकडी करून तुळजापूरला गेलात, तर देवळाच्या पायऱ्या उतरताना ताराची आठवण ठेवा.